वकील द्यावा की न द्यावा?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला होत असावा, अशी मला फार दिवसांची शंका आहे. ज्याचा पगार तीन महिने अडकला आहे, ज्याला 'उद्यापासून येऊ नका' असे दारावरच्या वॉचमनकडून कळले आहे, त्याच्यासाठी ती पायरी टाळण्याची सोय राहिलेलीच नसते. त्याच्यापुढे प्रश्न वेगळा असतो. पायरी एकट्याने चढायची की वकिलाचा हात धरून?

हा प्रश्न माझ्याकडे का येतो, ते सांगायला हवे. मी वकील नाही. बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. पण सोलापूरच्या आमच्या पेठेत कवी म्हणजे ज्याचे अक्षर आणि भाषा चांगली तो, अशी समजूत आहे. त्यामुळे माझ्या कवितांचा वाचक एखादा, आणि अर्जांचे गिऱ्हाईक महिन्याला चार. रेशनकार्डापासून पेन्शनपर्यंत सगळे अर्ज लिहिले. त्यात कामाच्या ठिकाणच्या तक्रारी पुष्कळ. माणूस खुर्चीवर टेकतो, पिशवीतून कागद काढतो आणि पहिले वाक्य बोलतो, "भाई, वकील लावू का?"

मी म्हणतो, आधी सांगा, दार कुठले ठोठावायचे आहे? कारण काही दारे अशी आहेत की तिथे वकिलाला आत घेतच नाहीत.

कामाच्या जागी स्त्रीचा लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार कार्यालयातल्या अंतर्गत समितीकडे जाते. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. या समितीपुढे दोन्ही पक्षांपैकी कुणालाही वकील उभा करता येत नाही, असे नियमातच लिहिले आहे. साहेबांनी मुंबईहून बडा वकील आणायचा आणि बाईने नुसते त्याच्या तोंडाकडे पाहायचे, असे होऊ नये म्हणून. मात्र तक्रार लिहिताना वकिलाचा सल्ला घ्यायला कुणाची बंदी नाही, आणि तो जरूर घ्यावा. कारण घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. समितीला ही मुदत आणखी तीन महिने वाढवता येते, पण त्यासाठी कारण पटवावे लागते. आणि पुढे जे काही होते ते त्या पहिल्या कागदाच्या आधारानेच होते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करण्याचे कर्तव्य समितीवरच आहे, हेही पुष्कळ बायकांना ठाऊक नसते.

कारखान्यातली किंवा कचेरीतली खातेनिहाय चौकशी हे दुसरे दार. चार्जशीट हातात पडली की माणूस घाबरून थेट कोर्टाच्या आवारात जातो. पण इथे वकील मिळणे हा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. सोबत सहकारी घेता येतो, सरकारी नोकराला दुसरा सरकारी नोकर घेता येतो. याला एक महत्त्वाची पाचर आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कर्मचाऱ्याच्या चौकशीत ट्रस्टच्या बाजूने कायदा शिकलेले अधिकारी बसले आणि त्याने मागितलेला वकील मात्र नाकारला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्या. डी. ए. देसाई यांनी निकाल दिला, की समोर कायद्याचा माणूस बसवला असेल तर कर्मचाऱ्यालाही वकील दिलाच पाहिजे, नाहीतर ती चौकशी न्याय्य नव्हे. तेव्हा चौकशीच्या पहिल्याच दिवशी समोरच्या साहेबांचे शिक्षण नम्रपणे विचारून घ्यावे. ते एल्‌एल.बी. निघाले तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा.

आणि तिसरे दार कामगार न्यायालयाचे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने एक मोठी मजेची अट घातली होती. समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे वकील नाहीच, आणि न्यायालयापुढे वकील द्यायचा तर समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी, दोन्ही हवे. हेतू उघड होता. मालकाच्या थैलीला तोंड देणे कामगाराला शक्य नाही, तेव्हा दोघेही बिनवकिलाचे बसा. कामगाराच्या वतीने युनियनचा पदाधिकारी बोलेल. पण मालक मंडळी हुशार. त्यांच्या संघटनेचे पदाधिकारी म्हणून वकीलच पुढे येऊ लागले. पारादीप बंदराच्या प्रकरणात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की तो खरोखरच पदाधिकारी असेल तर केवळ वकील आहे म्हणून त्याला अडवता येणार नाही. आज या न्यायालयांत दोन्हीकडे काळे कोट दिसतात ते बहुधा कुणी हरकत घेत नाही म्हणून. पण हरकत घेण्याचा अधिकार तुमचाही आहे, हे ध्यानात असू द्यावे. तुम्ही वकील दिलात की मालकाच्या वकिलाला हरकत घ्यायला तुम्हाला तोंड उरत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि १९४७ चा तो कायदा त्यांतल्या एकीत विरघळला. संमतीची अट मात्र नव्या संहितेतही आहे. कलमांचे आकडे बदलले, काही मुदती बदलल्या. म्हणून आता जुन्या पुस्तकावरून सल्ला देणाऱ्यापासून सांभाळून राहावे, मग तो वकील असो, युनियनचा पुढारी असो की माझ्यासारखा अर्ज लिहिणारा.

आता एक हकिगत सांगतो.

आमच्या शेजारी एक अण्णा राहतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, रागावले की दोन्ही. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यात एकोणीस वर्षे माग चालवला. २०१९ मध्ये नोकरी संपली. मालकाने चहा पाजला आणि खुशीने चाळीस हजार देतो म्हणाला. अण्णा माझ्याकडे आले ते त्या चाळीस हजारांवर सही करावी का, हे विचारायला. शिवाय कुणीतरी त्यांना एक वकील गाठून दिला होता. तो म्हणाला होता, फी काही नको, येईल त्यातला चौथा हिस्सा द्या.

मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. शेवटचा पगार, मूळ आणि महागाई भत्ता मिळून, तेरा हजार. ग्रॅच्युइटीच्या हिशेबात महिना सव्वीस दिवसांचा धरतात. तेरा हजार भागिले सव्वीस म्हणजे पाचशे रुपये रोज. दर वर्षाला पंधरा दिवसांचे साडेसात हजार. गुणिले एकोणीस. १,४२,५००. अण्णांनी तो आकडा दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

मग मी म्हणालो, यात वकील कशाला? तुम्ही काम केले हे मालक नाकारत नाही. रक्कम कायद्याने ठरलेली. हा गणिताचा तंटा आहे. आणि येईल त्यातला चौथा हिस्सा म्हणजे साडेपस्तीस हजारांच्या वर गेले. अशी टक्केवारी ठरवणे वकिलांच्या व्यवसायाच्या नियमांत बसत नाही. दाव्याच्या निकालावर फी अवलंबून ठेवू नये, मिळकतीत वाटा घेऊ नये, असे बार कौन्सिलचे नियम स्पष्ट सांगतात. गरजू माणसाला टक्केवारी स्वस्त वाटते, कारण आज खिशातून काही जात नाही. पण वाटेकरी झालेला वकील स्वतःचा वाटा लवकर हाती यावा म्हणून कमी रकमेवर तुमची मान डोलवायला लावतो, असे मी पाहिले आहे.

मालकाला अर्ज लिहिला, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. तीस दिवस गेले, उत्तर नाही. मग ग्रॅच्युइटीसाठी कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे अर्ज. अण्णा एकटेच गेले. थकलेला पगार, किमान वेतनापेक्षा कमी दिलेली मजुरी, कापून न भरलेले पैसे, अशा बहुतेक बाबतींत हेच चालते. वेतन संहितेप्रमाणे आता असा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. तो कामगाराने स्वतः करावा, त्याच्या युनियनने करावा किंवा निरीक्षकाने करावा, आणि अधिकारी थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो. यासाठी काळा कोट लागतोच असे नाही. लागतात ते कागद.

पण दुसऱ्या तारखेला मालकाच्या बाजूने नवेच उत्तर आले. अण्णा म्हणे आमच्याकडे नऊच वर्षे होते. आधीची दहा वर्षे होती ती वडिलांच्या फर्ममध्ये, आणि ती फर्म बंद झाली. शेड तीच, माग तेच, पाटी मात्र दोन! आमच्या गावात ही गोष्ट नवी नाही. एकाच छपराखाली तीन-तीन नावांचे कारखाने नांदतात, कामगारांचा आकडा कायद्याच्या खाली राहावा म्हणून.

त्या संध्याकाळी अण्णा आले तेव्हा मी सांगितले, आता वकील द्या. कारण आता प्रश्न गणिताचा राहिला नव्हता. धंदा एका हातातून दुसऱ्या हातात गेला तर नोकरी सलग धरायची की नाही, हा कायद्याचा प्रश्न झाला होता. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागणार होती, आणि ती अण्णांचे काम नव्हते, माझेही नव्हते. माझ्या मते वकील द्यायची वेळ ओळखण्याची खूण हीच. 'किती द्यायचे' यावर वाद असेल तोवर स्वतः लढता येते. 'तू आमचा कोण?' असा प्रश्न समोरून आला, की जाणत्या माणसाकडे जावे. तू कंत्राटदाराचा माणूस, तू कामगार नव्हेस सुपरवायझर, तू स्वतःच राजीनामा दिलास, ही सगळी त्याच प्रश्नाची रूपे.

अण्णांकडे फीला पैसे नव्हते. त्यांना घेऊन मी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत गेलो. १९८७ चा एक कायदा आहे, विधी सेवा प्राधिकरण कायदा. त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कुणाला मिळतो याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले लोक, कमी उत्पन्नाचे लोक ही नावे आपल्याला अपेक्षित असतात. पण त्याच यादीत प्रत्येक स्त्री आहे, तिचे उत्पन्न कितीही असो. आणि औद्योगिक कामगारही आहे, निव्वळ कामगार म्हणून. ज्याच्यासाठी हे लिहिले त्यालाच पत्ता नाही, असे आपल्याकडे वारंवार होते.

"फुकटचा वकील काय लढणार?" हे अण्णांचे उत्तर. मलाही मनातून फार भरवसा नव्हता, पण ते मी बोललो नाही. मिळाली ती तिशीतली एक वकीलबाई. तिने पहिल्या भेटीत अण्णांना भाषण दिले नाही. जुने ई.एस.आय. कार्ड आहे का, एवढे विचारले. अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत ते होते, वडिलांच्या फर्मच्या काळातले. पुढे प्रॉव्हिडंट फंडाचे पासबुक निघाले. मग बाईने दोन्ही फर्मचा पत्ता, वीजमीटर आणि हजेरी यांचे कागद मागवण्याचा अर्ज केला. तो अर्ज गेला आणि मालकाचा सूर बदलला. मध्ये २०२० चे टाळेबंदीचे वर्ष वाया गेले. त्यानंतर मालक १,३०,००० वर आला. थांबले असते तर पूर्ण रक्कम व्याजासह मिळाली असती, असे बाईचे मत होते, माझेही तेच होते. शिवाय १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात मालकाला अपील करायचे तर आधी रक्कम भरावी लागत होती, त्यामुळे बुडण्याची भीती कमी होती. पण अण्णा म्हणाले, "भाई, डोळ्याचं ऑपरेशन व्याजावर होत नाही." त्यांनी तडजोड घेतली. बाईने त्यांना सगळे समजावून सांगितले आणि मग त्यांच्या म्हणण्याप्रमाणे केले.

इथे एक शब्द सांगावासा वाटतो. वकील हा मूळ अरबी शब्द. ज्याच्यावर आपले काम सोपवले तो. आमच्याकडे निकाहातही एक वकील असतो. तो साक्षीदारांसह मुलीकडे जातो, तिची मर्जी विचारतो आणि तिच्या वतीने काजीसाहेबांना सांगतो. तिने होकार दिल्याखेरीज त्याला स्वतःचे असे काही बोलायचे नसते. कोर्टातल्या वकिलाबद्दलही मला तीच अपेक्षा ठेवावीशी वाटते. (आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला आणि 'अर्ज' अरबीतून. मराठी माणसाने पगारासाठी अर्ज केला, की अर्धे जग कामाला लागते. असो.)

आता उलटी बाजू. एका खासगी शाळेतली शिपाई बाई माझ्याकडे आली ती मे महिन्याच्या अखेरीस. हातात संस्थेचे पत्र, नोकरी संपुष्टात आणल्याचे. पत्र मिळाल्याला बावीस दिवस झाले होते. एवढे दिवस काय केले? तर संस्थेचे अध्यक्ष म्हणाले होते, शाळा उघडू दे, जूनमध्ये बघू. म्हणून ती थांबली होती.

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा स्वतंत्र कायदा आहे. बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचे ते आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांत. पत्र मेच्या सुरुवातीला द्यायचे आणि 'जूनमध्ये बघू' म्हणायचे, यातली चलाखी आपल्या लक्षात आली असेलच. शाळा उघडते तेव्हा मुदत उलटून गेलेली असते. उशीर माफ करून घेता येतो, पण मग लढाई दोन होतात, आधी उशिराची आणि नंतर नोकरीची.

तिला मी अर्ज लिहून दिला नाही. संस्थेला विनवण्या करण्याची ती वेळ नव्हती. त्याच दिवशी तिला वकिलाकडे पाठवले आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अपील दाखल झाले. नियमांप्रमाणे तिची चौकशी तीन जणांच्या समितीपुढे व्हायला हवी होती आणि त्यातला एक सदस्य तिने सुचवलेला असायला हवा होता. अशी समिती बसलीच नव्हती. हा मुद्दा वकिलाने काढला. मला तो सुचला असता का, ठाऊक नाही. तिचे प्रकरण अजून चालू आहे, म्हणून अधिक बोलत नाही.

चुकीचे दार ठोठावले तर काय होते याचे उदाहरण गोव्याचे आहे. तिथल्या एका शाळेतल्या शिक्षिकेला कामावरून काढले. तिने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. झगडत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि १९८८ साली निकाल लागला, की शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे. दिवसभर उभे राहून काम करणारी बाई, पण कामगार नाही. मॅनेजर अशी पाटी लावलेल्या आणि प्रत्यक्षात हिशेबाच्या वह्या ओढणाऱ्या पोरांचेही असेच होते. नव्या संहितेत देखरेखीचे काम करणारा आणि महिना अठरा हजारांवर पगार घेणारा माणूस कामगार धरला जात नाही. तेव्हा आपण कोण, एवढे एक विचारायला तरी वकिलाला तासाभराची फी द्यावी. ते पैसे वाया जात नाहीत. सल्ला घेणे आणि वकील देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीनंतर दुसरी केलीच पाहिजे असे कुठे आहे?

फीचे बोलायला आपले लोक संकोचतात. डॉक्टरला विचारत नाहीत तसे वकिलालाही विचारत नाहीत आणि मग बाहेर येऊन शिव्या देतात. पहिल्याच भेटीत विचारावे, एकूण किती, टप्प्याने किती, टायपिंग-झेरॉक्सचे वेगळे की त्यातच, बाहेरगावच्या तारखेला काय. पैसे दिले की पावती मागावी. मूळ कागद कधीही देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. आणि वकील बदलायची पाळी आली, जुन्याची फी बाकी राहिली, तरी तो तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. फीसाठी त्याने वेगळी दाद मागावी. वकालतनामा वाचून सही करावी. इंग्रजीत असेल तर वाचून दाखवायला सांगावे. त्यात तडजोड करण्याचा अधिकारही आपण देऊन बसतो, म्हणून विचारल्याखेरीज तडजोड करू नका, एवढे तोंडाने तरी बजावून ठेवावे.

पहिल्या भेटीला जाताना नेमणुकीचे पत्र असेल तर ते, पगाराच्या चिठ्ठ्या किंवा बँकेचे पासबुक, ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंड आणि ई.एस.आय.चे नंबर, आणि घडले ते तारीखवार एका कागदावर, स्वतःच्या शब्दांत, एवढे न्यावे. तारखा आठवत नसतील तर सणावरून, पगाराच्या दिवसावरून लावाव्यात. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी १५१०० आहे. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. आधार कार्ड आणि तक्रारीचा कागद घेऊन जावे.